दाढ, डेंटिस्ट आणि हृदयाची झडप

मंडळी, गणपतीला किंवा दिवाळीला आपण हॉलवर जमलो की जेवणाच्या रांगेत दोन विषय हमखास निघतात. पहिला म्हणजे कुणाची बायपास झाली, कुणाची झडप बदलली. दुसरा म्हणजे एन.एच.एस.चा डेंटिस्ट मिळता मिळत नाही. दोन्ही विषयांवर आपण अर्धा-अर्धा तास बोलू शकतो. पण दात आणि हृदय यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात येते. तो संबंध आहे. काही थोड्या माणसांच्या बाबतीत तर तो जिवाशी आहे. म्हणून हा लेख.

समजा, लीड्समध्ये मुलाकडे राहणाऱ्या एका काकूंची झडप काही वर्षांपूर्वी पुण्यात बदललेली आहे. तिथल्या डॉक्टरांनी बजावून सांगितले होते, "दात काढायच्या आधी अँटिबायोटिक घ्यायचं, विसरायचं नाही." इथे आल्यावर दाढ दुखू लागली तर डेंटिस्ट म्हणाला, "आम्ही आता तसं सरसकट देत नाही." न्यू जर्सीच्या धाकट्या दिरांना फोन केला, तर ते म्हणाले, "वहिनी, अजिबात ऐकू नका, इथे सगळे देतात!" एकाच घरात तीन देश आणि तीन सल्ले. आता काकूंनी करायचे काय? ऐकायचे तरी कुणाचे?

याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, पण अवघडही नाही. आधी मुळात आजार काय आहे ते पाहू.

हा आजार कोणता?

आपल्या हृदयाला आतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असते. झडपांवरही तेच असते. रक्तात भटकणारे जंतू त्या अस्तराला चिकटले, तिथे वाढू लागले, की त्या आजाराला 'एंडोकार्डायटिस' म्हणतात. निरोगी अस्तरावर जंतू सहसा टिकत नाहीत. गुळगुळीत ओट्यावरून पाणी निसटून जावे तसे ते निघून जातात. पण झडप खरबरीत झालेली असेल, गळत असेल, किंवा तिच्या जागी कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर जंतूंना बसायला जागा मिळते. तिथे रक्ताच्या गुठळ्या आणि जंतू यांचे छोटे पुंजके तयार होतात. ते झडप कुरतडतात. त्यांचा एखादा तुकडा सुटून मेंदूकडे गेला, तर पक्षाघातही होऊ शकतो.

आजार दुर्मिळ आहे. दर लाख लोकसंख्येत वर्षाला साधारण ३ ते १० जणांना होतो. पण झाला तर घातक. आजच्या काळातही इस्पितळात दाखल झालेल्या पाच रुग्णांपैकी साधारण एक दगावतो. जे वाचतात त्यांना बहुधा चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक्स घ्यावी लागतात, आणि बऱ्याच जणांना झडपेचे ऑपरेशनही.

पेनिसिलिन येण्यापूर्वी तर हा आजार म्हणजे मृत्यूची चिठ्ठीच होती. प्रसिद्ध संगीतकार गुस्ताव माहलर यांच्या झडपेत दोष होता. १९११ साली न्यू यॉर्कमध्ये त्यांच्या रक्ताची तपासणी झाली, आणि त्यात नेमके तोंडात आढळणाऱ्या जातीचे स्ट्रेप्टोकॉकस जंतू सापडले. निदान अचूक झाले, पण उपाय नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात व्हिएन्नामध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे पन्नास.

तोंडातले जंतू हृदयात जातात कसे?

आपल्या तोंडात शेकडो जातींचे जंतू सुखाने नांदतात. हिरड्या घट्ट आणि निरोगी असल्या की ते तोंडातच राहतात. हिरड्या सुजलेल्या असतील, दातांवर किटण साचले असेल, तर हिरडीला जरासा धक्का लागला तरी जंतू रक्तात शिरतात. दात काढताना तर ते शिरतातच. १९३५ साली ओकेल आणि इलियट या दोघा इंग्रज संशोधकांनी दात काढल्यावर लगेच रक्त तपासून हे दाखवून दिले. हे जंतू बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर तासाभरात शरीर स्वतःच नष्ट करते. प्रश्न येतो तो ज्यांच्या हृदयात त्यांना बसायला 'जागा' आहे त्यांचा.

यावरून एक सरळ विचार पुढे आला. दात काढायच्या आधीच अँटिबायोटिक दिले तर? अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ मध्ये तसा पहिला सल्ला दिला. ब्रिटनमध्ये १९८२ पासून तीन ग्रॅम अमॉक्सिसिलिनचा एकच मोठा डोस, तोही तोंडाने, ही पद्धत रूढ झाली. आपल्यातले जे लोक साठ-सत्तरच्या दशकांत इथे आले, त्यांच्यापैकी काहींना डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये बसून पाण्यात ढवळून प्यायलेली ती पावडर आठवत असेल.

मग नियम बदलला का?

इथे खरी गोष्ट सुरू होते, आणि तिच्यात आपल्या यॉर्कशायरचा मोठा वाटा आहे.

मार्च २००८ मध्ये 'नाइस' या संस्थेने, म्हणजे एन.एच.एस.ला कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या सरकारी संस्थेने, जाहीर केले की दातांच्या उपचारांपूर्वी हृदयासाठी अँटिबायोटिक देणे थांबवावे. कुणालाच देऊ नये. कृत्रिम झडप असलेल्यांनाही नाही. अमेरिकेने २००७ मध्ये यादी आखडली होती, पण सर्वाधिक धोका असलेल्यांना औषध चालू ठेवले होते. युरोपनेही २००९ मध्ये तसेच केले. ब्रिटनने मात्र वेगळी वाट धरली.

नाइसचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. औषधाने हा आजार टळतो याचा भक्कम पुरावा नाही, असे त्यांनी म्हटले. दुसरे म्हणजे दात काय वर्षातून एकदा काढला जातो, पण ब्रश आपण रोज दोनदा करतो, आणि ब्रश करतानाही जंतू रक्तात जातात. तिसरे म्हणजे पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी येऊन एखादा माणूस दगावू शकतो. चौथे म्हणजे उठसूट अँटिबायोटिक्स दिल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

यातल्या दुसऱ्या मुद्द्याला पुढे अमेरिकेतल्या एका अभ्यासाने आकडे दिले. पीटर लॉकहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ साली २९० माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसता ब्रश केल्यावर २३ टक्के लोकांच्या रक्तात संबंधित जंतू सापडले. औषधाविना दात काढल्यावर ६० टक्के लोकांच्या, आणि आधी अमॉक्सिसिलिन घेऊन दात काढल्यावर ३३ टक्के लोकांच्या. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी बघता येते. औषधाने फरक पडतो, हे खरे. आणि रोजचा ब्रशही निरुपद्रवी नाही, हेही खरे. तो मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाइसच्या सल्ल्यानंतर इंग्लंडमध्ये अशा औषधांची संख्या झपाट्याने घसरली. महिन्याला सरासरी १०,९०० डोस लिहून दिले जात होते, ते २,२३६ वर आले. मग शेफील्ड विद्यापीठातले प्राध्यापक मार्टिन थॉर्नहिल यांनी, म्हणजे लीड्सहून एम-वनने तासाभराच्या अंतरावर बसलेल्या माणसाने, टॉन्टनचे हृदयरोगतज्ज्ञ मार्क डेयर आणि इतरांबरोबर इस्पितळांच्या नोंदी तपासल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास प्रसिद्ध केला. २००८ नंतर एंडोकार्डायटिसच्या रुग्णांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने वाढत होती, आणि मार्च २०१३ पर्यंत महिन्याला सुमारे ३५ रुग्ण जादा होते. औषध थांबवल्यामुळेच हे झाले असे यावरून सिद्ध होत नाही, हे लेखकांनी स्वतःच प्रांजळपणे लिहिले होते. दुसरी कारणे असू शकतात. पण धक्का बसायचा तो बसला.

नाइसने २०१५ मध्ये फेरविचार केला आणि सल्ला तसाच ठेवला. पुढे जुलै २०१६ मध्ये मात्र एक शब्द घातला, 'रूटीनली'. म्हणजे औषध 'देऊ नये' याऐवजी 'सरसकट देऊ नये'. शब्द एकच, पण त्याने बंद दार किलकिले झाले. त्या दारातून नेमके कुणी जायचे, हे २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या दंतचिकित्सा मार्गदर्शक संस्थेने स्पष्ट केले. त्या मार्गदर्शिकेला नाइसनेही पाठिंबा दिला. इथले डेंटिस्ट आजही बहुधा त्याच कागदाचा आधार घेतात.

पुढे आणखी पुरावा आला. २०२२ मध्ये थॉर्नहिल आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी जवळजवळ ८० लाख अमेरिकन लोकांच्या नोंदी तपासल्या. सर्वाधिक धोका असलेल्यांमध्ये दात काढणे आणि तोंडातली शस्त्रक्रिया यांचा या आजाराशी स्पष्ट संबंध दिसला, आणि ज्यांनी आधी औषध घेतले त्यांच्यात तो आजार कमी दिसला. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२३ मध्ये सर्वाधिक धोका असलेल्यांसाठी औषधाची शिफारस आणखी ठाम केली.

तर काकूंच्या घरातल्या तीन सल्ल्यांचे कोडे असे आहे. पुण्याचे डॉक्टर, न्यू जर्सीचे दीर आणि लीड्सचा डेंटिस्ट हे तिघे तीन वेगळी पुस्तके वाचत होते. आज ती पुस्तके पूर्वीपेक्षा खूपच जवळ आली आहेत.

तुम्ही कोणत्या गटात?

हा लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. पेन घेऊन बसलात तरी चालेल.

२०१८ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे ज्यांच्या बाबतीत औषधाचा खास विचार करायला हवा, ते असे:

पहिले, ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे. धातूची असो, प्राण्याच्या ऊतीची असो, की छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून बसवलेली असो. झडपेची दुरुस्ती करताना कृत्रिम रिंग वगैरे वापरली असेल, तर तेही याच गटात.

दुसरे, ज्यांना एकदा एंडोकार्डायटिस होऊन गेला आहे.

तिसरे, जन्मजात हृदयदोषाचे काही रुग्ण. ज्यात मूल निळे पडते तसे दोष. आणि कृत्रिम साहित्य वापरून दुरुस्त केलेले दोष, दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत. दुरुस्तीनंतरही छिद्रातून किंवा झडपेतून गळती राहिली असेल तर आयुष्यभर.

दुसरा एक मोठा गट आहे. त्यांचा धोका सामान्य माणसापेक्षा जास्त, पण वरच्या गटाइतका नाही. आपल्या लोकांचा प्रश्न बऱ्याचदा इथे येतो. लहानपणी घसा धरला, ताप आला, सांधे सुजले, आणि पुढे डॉक्टरांनी सांगितले की 'झडपेवर परिणाम झालाय'. हाच रुमॅटिक फीवर. महाराष्ट्रातल्या गावांत आणि मुंबईच्या चाळींत वाढलेल्या पिढीत हा आजार चांगलाच परिचयाचा. अशी झडप अजून स्वतःचीच असेल, बदललेली नसेल, तर इथल्या सल्ल्याप्रमाणे सरसकट औषध दिले जात नाही. पण दातांची काळजी, डेंटिस्टला माहिती देणे आणि तापाकडे लक्ष ठेवणे, या तिन्ही गोष्टी त्यांनाही तितक्याच लागू आहेत. जे अजूनही दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतात त्यांनी ते डेंटिस्टला मुद्दाम सांगावे. झडप बदललेली असून अँटिबायोटिक द्यायचे ठरले, तर त्यांच्यासाठी वेगळ्या जातीचे औषध निवडावे लागते.

आणि आता दिलासा. बायपास झाली असेल, स्टेंट असेल, नुसते ब्लड प्रेशर असेल, किंवा पेसमेकर असेल, तर केवळ त्यासाठी दातांच्या आधी अँटिबायोटिक लागत नाही. आपल्यात हा गैरसमज फार आहे. 'हार्ट पेशंट' या एकाच शब्दात आपण सगळे कोंबतो. पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार वेगळा आणि झडपांचा वेगळा. तुमचा कोणता, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर पुढच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा, "मी स्पेशल कन्सिडरेशनच्या गटात येतो का? तसे पत्र माझ्या डेंटिस्टला द्याल का?" लाजू नका. तो तुमचा हक्क आहे. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात निकाल दिला की उपचारातले महत्त्वाचे धोके आणि पर्याय रुग्णाला सांगितलेच पाहिजेत. निर्णय डॉक्टर, डेंटिस्ट आणि तुम्ही, असे तिघांनी मिळून घ्यायचा.

प्रत्येक वेळी औषध लागते का?

नाही. हिरडीच्या आत किंवा दाताच्या मुळाच्या टोकाशी काम असेल तेव्हाच प्रश्न येतो. दात काढणे, हिरडीखालचे किटण खरवडणे, गळू कापून पू काढणे, इम्प्लांट बसवणे, रूट कॅनॉलचा सुरुवातीचा भाग, ही त्यातली कामे. एक्स-रे, साधी तपासणी, हिरडीच्या वरचे फिलिंग किंवा पॉलिश, निरोगी जागी दिलेले बधिरतेचे इंजेक्शन, कवळीचे माप, यांसाठी नाही. मुलांचे दुधाचे दात आपोआप पडतात त्यासाठीही नाही.

द्यायचे ठरलेच, तर मोठ्या माणसाला तीन ग्रॅम अमॉक्सिसिलिन एकदाच, उपचाराच्या साठ मिनिटे आधी. अमेरिकेत आणि युरोपात हाच डोस दोन ग्रॅम असतो, त्यामुळे भावाबहिणींच्या फोनवर गोंधळ नको. पाच दिवसांचा कोर्स हा वेगळा प्रकार. तो आधीच झालेल्या संसर्गासाठी असतो. दात काढून घरी आल्यावर सुरू केलेल्या गोळ्या या कामाच्या नाहीत, कारण जंतू रक्तात शिरायचे तेव्हा शिरून गेलेले असतात.

पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर २०१८ च्या सल्ल्यात क्लिंडामायसिन आहे. पण या औषधाने आतड्याचा गंभीर आजार होऊ शकतो. थॉर्नहिल यांनी इंग्लंडच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा अमॉक्सिसिलिनच्या अशा एकेका डोसाने एकही मृत्यू नोंदलेला नव्हता; क्लिंडामायसिनच्या दर दहा लाख डोसांमागे मात्र १३ होते. अमेरिकेने तर २०२१ मध्ये ते यादीतूनच काढले. म्हणून 'लहानपणी पेनिसिलिनने अंगावर काहीतरी उठलं होतं' एवढ्या आठवणीवर आयुष्यभर 'ॲलर्जिक' असा शिक्का वागवू नका. ती ॲलर्जी खरी आहे का, हे जी.पी.ला विचारून तपासून घेण्यासारखे आहे.

खरे औषध बाथरूममध्ये आहे

आता ब्रशचा मुद्दा. दात वर्षा-दोन वर्षांतून एकदा काढला जातो. ब्रश, दातकाडी आणि चावणे रोजचेच. हिरड्या सुजलेल्या असतील तर रोजच थोडे-थोडे जंतू रक्तात जात राहणार. त्यावर तीन ग्रॅमचा एक डोस काय पुरणार? म्हणून झडपेच्या रुग्णाचे मुख्य संरक्षण म्हणजे निरोगी हिरड्या. यावर पुणे, लीड्स आणि न्यू जर्सी यांचे पूर्ण एकमत आहे.

आपल्या पिढीतल्या कित्येकांनी लहानपणी राखुंडी, कडुलिंबाची काडी नाहीतर काळे दंतमंजन बोटाने घासून दात 'साफ' केले आहेत. काहींच्या घरी मशेरीही होती. त्या सवयींचा हिशेब आता हिरड्या मागतात. ब्रश केल्यावर रक्त येते म्हणून तिथे ब्रश लावायचाच नाही, ही चूक पुष्कळ जण करतात. रक्त येणे हीच सुजेची खूण आहे. तिथे हळूवारपणे, पण नीट ब्रश करायला हवा.

रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि दिवसातून आणखी एकदा, फ्लोराइडच्या टूथपेस्टने ब्रश करा. दातांच्या फटींसाठी छोटे ब्रश मिळतात, ते वापरा. आणि इथल्या दंतवैद्यांचा एक सल्ला आपल्या सवयीच्या अगदी उलटा आहे: पेस्ट थुंका, पण नंतर चूळ भरू नका. खळखळून चार चुळा भरल्याशिवाय आपल्याला दात घासल्यासारखे वाटतच नाही, पण त्यात फ्लोराइड वाहून जाते. चूळ भरायची ती जेवणानंतर भरा.

ज्यांची पूर्ण कवळी आहे त्यांना वाटते, 'दातच नाहीत, आता डेंटिस्ट कशाला?' पण कवळी रुतून तोंडात जखमा होतात, त्या दाखवायला हव्यात. आणि झडपेचे ऑपरेशन ठरलेले असेल तर त्याआधीच दात तपासून घ्या. किडलेली दाढ नव्या झडपेसोबत ठेवू नये.

पैशाचे म्हणाल, तर इंग्लंडमध्ये साठीनंतर औषधाचे प्रिस्क्रिप्शन फुकट मिळते, पण दातांचे उपचार केवळ वयामुळे फुकट होत नाहीत. आई-वडिलांचे उत्पन्न कमी असेल तर सवलतीसाठी अर्ज करता येतो, त्याची चौकशी जरूर करा. डेंटिस्ट मिळत नाही आणि दाढ असह्य ठणकते आहे, तर १११ ला फोन करा आणि झडपेची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा.

ताप आला तर: हे मात्र विसरू नका

सगळी काळजी घेऊनही हा आजार होऊ शकतो. दातांशी काही संबंध नसतानाही होतो. आज अनेक देशांत त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जंतू हे याचे मोठे कारण आहेत. म्हणून या गटातल्या माणसांनी अंगावर गोंदवून घेण्यापूर्वी, नाक-कान टोचण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हृदयदोष असलेल्या नातीचे कान टोचायचे असतील तरी आधी विचारावे.

आजाराची सुरुवात फसवी असते. अंगात कणकण, रात्री दरदरून घाम, भूक मंद, वजन उतरते, थकवा, धाप. फ्लूसारखे वाटते, पण फ्लू आठवड्यात बरा होतो आणि हे रेंगाळते. अशा वेळी आपल्या घरांत काय होते? भारतातून आणलेल्या औषधांचा डबा उघडला जातो. त्यात उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या असतात. त्या घेतल्या की दोन दिवस बरे वाटते, ताप उतरतो, आणि पुन्हा चढतो.

झडपेच्या रुग्णाने हे कधीही करू नये. या आजाराचे निदान मुख्यतः रक्तात जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीवर अवलंबून असते. तिला 'ब्लड कल्चर' म्हणतात. आधीच अर्धवट अँटिबायोटिक घेतले असेल तर जंतू दबतात, पण मरत नाहीत. तपासणीत काही सापडत नाही, डॉक्टर भलत्याच दिशेने शोधत बसतात, आणि तोवर झडप कुरतडली जाते. गोळी देणारा प्रेमानेच देतो, पण नुकसान तेच होते. म्हणून आधी रक्त, मग औषध. हा क्रम चुकवू नका.

भारतातून परतल्यावर ताप आला तर इथला डॉक्टर मलेरिया, टायफॉइड, डेंग्यूचा विचार करील, आणि करायलाच हवा. पण तुम्ही त्याला सांगा, "माझ्या हृदयात कृत्रिम झडप आहे, अलीकडे दाढ काढली होती." जी.पी.कडे इतक्या गडबडीत ते लक्षात येईलच असे नाही.

सुदैवाने आपण योग्य गावात राहतो. एल.जी.आय.मध्ये मोठा हृदयविभाग आहे, आणि लीड्सचे सूक्ष्मजीवतज्ज्ञ डॉ. जोनाथन सँडो हे २०१२ साली निघालेल्या एंडोकार्डायटिसच्या उपचारांवरील ब्रिटिश मार्गदर्शिकेच्या लेखकांपैकी एक आहेत. तिथून चार पावलांवर क्लॅरेंडन वेला लीड्स डेंटल इन्स्टिट्यूट आहे. पण हे सगळे उपयोगी पडायचे तर तुमच्या हृदयाची गोष्ट योग्य माणसाच्या कानावर वेळेत जायला हवी.

भारतवारीत दात करून घेताना

इथला खर्च आणि तारखा पाहून आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईच्या वारीत दातांची कामे उरकतात. त्यात गैर काही नाही. तिथे उत्तम दंतवैद्य आहेत. पण झडपेच्या रुग्णांनी काही पथ्ये पाळावीत. इथल्या हृदयरोगतज्ज्ञांचे पत्र सोबत न्यावे. काम वारीच्या सुरुवातीला करावे, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नाही. काय केले, कोणते औषध कधी दिले, याचा कागद घेऊन यावे आणि इथल्या डेंटिस्टला दाखवावा.

धातूची झडप असलेले लोक रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेतात. दात काढताना रक्त थांबणार नाही या भीतीने ते परस्पर बंद करू नये. झडपेवर गुठळी झाली तर प्राणावर बेतते. आय.एन.आर. तपासून, डेंटिस्टच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच काय ते करावे. अँटिबायोटिकच्या कोर्सनेही आय.एन.आर. बदलू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी एक छोटे काम. आज संध्याकाळी एका कार्डावर इंग्रजीत पाच गोष्टी लिहून काढा: हृदयाला नेमके काय झाले आहे, कोणते ऑपरेशन कोणत्या वर्षी आणि कुठे झाले, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि हृदयरोगतज्ज्ञांचे नाव. हे कार्ड पाकिटात ठेवा. आई-बाबांना इंग्रजी बोलायला संकोच वाटत असेल, तर त्यांच्या पर्समध्ये ठेवा आणि डेंटिस्टकडे गेल्यावर आधी तेच पुढे करायला सांगा. काकूंच्या बाबतीत सुद्धा डेंटिस्टच्या हातात कागद पडला असता, तर तो नुसता 'सरसकट देत नाही' म्हणून थांबला नसता. 'कोणती झडप, कधी बसवली?' हे त्याने विचारले असते, हृदयरोगतज्ज्ञांशी बोलला असता, आणि मग काय करायचे ते तिघांनी मिळून ठरवले असते.

पुढच्या कार्यक्रमाला जेवणाच्या रांगेत बायपास आणि डेंटिस्ट हे विषय निघतीलच. त्या वेळी शेजारच्या काकांना एवढे जरूर विचारा, "तुमची झडप की तुमच्या रक्तवाहिन्या? आणि डेंटिस्टला सांगितलंय का?"